पावसाळ्यात थिजणारा संगणक आणि त्याची नोंदवही

जुलैत लेंडी नदीला पाणी चढलं की दाभोसा धबधबा बघायला मुंबई-नाशिककडून गाड्या येऊ लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या अभ्यासिकेतला संगणक आजारी पडतो. वीज जाते-येते, भिंतींना ओल सुटते, कॅबिनेटच्या आत मुंग्या घर करतात. गेल्या पावसाळ्यात तो रोज दुपारी थिजायचा. माऊस हलायचा नाही, कळफलक दाबला तरी उत्तर नाही, आणि मिनिटभराने सगळं आपोआप सुरू.

बघणारा प्रत्येक जण सांगायचा, "हार्ड डिस्क गेली, नवीन घ्या." नवीन घ्यायची म्हणजे जव्हारची चक्कर, तिथे नाही मिळाली तर नाशिकची, आणि अभ्यासिकेच्या वर्गणीतला बराच पैसा. डिस्क मात्र शाबूत होती. काय बिघडलंय हे संगणकाने स्वतः लिहून ठेवलं होतं, फक्त कोणी वाचलं नव्हतं. ते वाचायचं कसं, ते आपण क्रमाने बघू. त्यासाठी संगणकशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही.

आधी थोडी ओळख. युनिक्स ही १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलेली संगणकप्रणाली. तिच्या वळणावर लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स आणली. शाळा-वाचनालयांत दिसणारी उबुंटू किंवा सी-डॅकने तयार केलेली बॉस या लिनक्सच. पुढचं सगळं मुख्यतः लिनक्सबद्दल आहे. फ्रीबीएसडीसारख्या भावंडांत आदेश थोडे बदलतात, विचार तोच राहतो.

ग्रामपंचायतीत आवक-जावक नोंदवही असते. किती वाजता, कोणाकडून, काय आलं, एका ओळीत एक नोंद. संगणकाची अशी वही म्हणजे लॉग. सुरुवातीला प्रत्येक प्रोग्राम आपापल्या परीने नोंदी ठेवायचा. १९८०च्या दशकात बर्कलीच्या एरिक ऑलमनने सेंडमेल या टपाल पोचवणाऱ्या प्रोग्रामसाठी 'सिसलॉग' ही पद्धत बसवली आणि पुढे सगळ्या युनिक्स जगाने ती उचलली.

या वहीत आपल्या कामाचा लिहिणारा एकच, तो म्हणजे कर्नल. कर्नल हा प्रणालीचा गाभा. डिस्क, मेमरी, यूएसबी, नेटवर्क या सगळ्यांशी थेट बोलतो तो हाच. एखादा भाग उत्तर देईनासा झाला की पहिली कुरकूर याच्याच नोंदीत उमटते.

आता पहिली पायरी, आणि इथेच सगळ्यात जास्त चूक होते. यंत्र थिजलं की आपला हात बटणाकडे जातो. तो आवरा. कर्नलच्या ताज्या नोंदी मेमरीत असतात आणि वीज बंद झाली की मेमरी पुसली जाते. पडद्यावर काही अक्षरं दिसत असतील तर मोबाइलने फोटो काढा आणि घड्याळात किती वाजले ते कागदावर लिहा. पुढच्या सगळ्या आदेशांपेक्षा ही वेळ जास्त उपयोगाची आहे असं माझं ठाम मत आहे. "दुपारी कधीतरी" एवढ्यावर हजारो ओळींत काही सापडत नाही. "दोन वाजून चौदा मिनिटं" असेल तर थेट त्या पानावर जाता येतं.

दुसरी पायरी, वही उघडणं. यंत्र चालू असेल तर टर्मिनल, म्हणजे आदेश टाइप करायची काळी खिडकी, उघडा. आदेश रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत द्यायचे असतात, इथे मी ते उच्चारून सांगतो. पहिला आदेश डी-एम-ई-एस-जी, ही पाच अक्षरं सलग. नव्या उबुंटूत नुसता दिला तर "परवानगी नाही" असं उत्तर येतं. तेव्हा आधी एस-यू-डी-ओ, म्हणजे 'सुडो', लिहून जागा सोडा आणि मग आदेश द्या. सुडो म्हणजे यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने.

समोर जो ढीग येईल त्याने दचकू नका. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात एक आकडा असतो. तो घड्याळाची वेळ नाही, यंत्र सुरू झाल्यापासूनचे सेकंद आहेत. ७२०० असेल तर सुरू झाल्यावर दोन तासांनी, असं समजा. घड्याळाची वेळ हवी असेल तर आदेशापुढे जागा सोडून उणे चिन्ह आणि मोठा टी लावा. मात्र यंत्र मधे झोपवलं असेल, म्हणजे सस्पेंड केलं असेल, तर ही वेळ चुकीची दाखवली जाऊ शकते.

तिसरी पायरी, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं असेल तेव्हाची. डी-एम-ई-एस-जी फक्त चालू फेरीचं सांगतं. मागच्या फेरीसाठी 'जर्नल' या शब्दाला जोडून सी-टी-एल असा आदेश आहे. त्यापुढे उणे-के दिलं की फक्त कर्नलच्या नोंदी मिळतात, आणि उणे-बी देऊन जागा सोडून उणे-एक लिहिलं की आधीच्या फेरीच्या. उणे-दोन म्हणजे त्याच्याही आधीच्या. नोंदी पानापानाने उघडतात. तिरपी रेघ देऊन शब्द टाइप केला की तो शोधता येतो, आणि क्यू दाबला की बाहेर पडता येतं.

काही यंत्रांवर मागच्या फेरीचं काहीच सापडत नाही, कारण तिथे नोंदी फक्त मेमरीत ठेवल्या जातात. मुळाशी 'व्हार', त्याच्या आत 'लॉग', त्याच्या आत 'जर्नल' नावाचा फोल्डर आहे का ते बघा. नसेल तर सुडोने तयार करा. नेहमीच्या मांडणीत पुढच्या वेळेपासून नोंदी डिस्कवर साठू लागतात. हे काम यंत्र धड असताना करून ठेवायचं. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत याच 'लॉग' फोल्डरमध्ये 'मेसेजेस', 'सिसलॉग' किंवा 'कर्न डॉट लॉग' नावाच्या साध्या फाइली असतात, त्याही चालतात.

चौथी पायरी चाळणीची. प्रत्येक नोंदीला शून्य ते सात असा दर्जा असतो. शून्य सगळ्यात गंभीर, तीन म्हणजे चूक, चार म्हणजे इशारा, सहा म्हणजे नुसती माहिती. आदेशाला उणे-पी तीन जोडलं की तीन आणि त्याहून गंभीर तेवढंच दिसतं. सुरुवातीला हे सोयीचं वाटतं, पण इथेही एक खड्डा आहे. नेटवर्कची तार सुटली, यूएसबीचं यंत्र निघालं, डिस्कशी जोडणी नव्याने करावी लागली, या गोष्टी कर्नलच्या लेखी बहुधा "नुसती माहिती" असतात आणि चाळणीतून गळून जातात. म्हणून चाळणीने वेळ शोधा, आणि मग चाळणी काढून त्या वेळेच्या आधीची दोन-तीन मिनिटं ओळन् ओळ वाचा.

वाचताना पहिली वेगळी ओळ शोधा. लोक शेवटची ओळ धरून बसतात, कारण ती सगळ्यात भीतीदायक असते. पण शेवटच्या ओळी बहुतेकदा परिणामाच्या असतात. डिस्क उत्तर देत नाही म्हणून फाइल-यंत्रणा चिडते, ती चिडली म्हणून प्रोग्राम पडतो. पडलेला प्रोग्राम शेवटी दिसतो आणि आपण त्यालाच दोष देतो.

आता लाल ओळींबद्दल. अगदी धडधाकट यंत्रही सुरू होताना पाच-दहा चुका नोंदवतं. बायॉस, म्हणजे मदरबोर्डमध्ये आधीपासून बसवलेला प्रोग्राम, त्याच्या नावाने येणाऱ्या 'एसीपीआय'च्या तक्रारी याच जातीच्या. त्या दर वेळी येतात आणि यंत्र चालूच राहतं. खरी कोणती आणि सवयीची कोणती हे ओळखायचा एकच भरवशाचा उपाय मला सापडला आहे. यंत्र उत्तम चालत असलेल्या दिवसाची नोंद एका फाइलमध्ये काढून पेन ड्राइव्हवर ठेवायची. बिघाड झाला की दोन्ही शेजारी ठेवायच्या. जे दोन्हीकडे आहे ते सोडून द्यायचं.

आमच्या यंत्राच्या नोंदीत दोन चौदाला काय होतं? 'एटीए१' या नावाने ओळी सुरू होत होत्या. एटीए म्हणजे डिस्क जोडण्याची पद्धत आणि एक म्हणजे पहिली खोबण. त्यात 'फेल्ड कमांड', म्हणजे दिलेला हुकूम पार पडला नाही. त्याखाली महिरपी कंसात 'आयसीआरसी' आणि 'एबीआरटी'. मग 'हार्ड रीसेटिंग लिंक', म्हणजे जोडणी तोडून नव्याने जोडतोय. हेच तीन-चार वेळा, आणि शेवटी जोडणीचा वेग सहा गिगाबिटवरून तीनवर उतरवल्याची नोंद. दर वेळी जोडणी नव्याने होईपर्यंत सगळं यंत्र वाट बघत थांबायचं. तेच ते थिजणं.

कंसातला तो शब्द नीट वाचणं महत्त्वाचं, कारण पैसा तिथेच वाचतो. 'आयसीआरसी' म्हणजे माहिती डिस्कवरून नीट निघाली, पण वाटेत खराब झाली. पत्र टपालात भिजलं. याच जागी 'यूएनसी' असतं, तर डिस्कला स्वतःच्याच पृष्ठभागावरचं लिहिलेलं वाचता येत नाही असा अर्थ झाला असता. म्हणजे पत्राला पेटीतच वाळवी लागली. पहिल्यात संशय केबल, तिचं टोक, खोबण आणि वीजपुरवठ्यावर. दुसऱ्यात डिस्कवरच.

संशयाची खातरजमा डिस्कलाच विचारून करता येते. डिस्क आपली तब्येत 'स्मार्ट' नावाच्या तक्त्यात स्वतः लिहीत असते. 'स्मार्टमॉनटूल्स' बसवून 'स्मार्ट'ला जोडून सी-टी-एल, पुढे उणे-ए आणि डिस्कचं नाव असा आदेश द्या. तक्त्यात चार क्रमांक बघायचे आणि शेवटच्या रकान्यातला कच्चा आकडा वाचायचा. ५ म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागा. १९७ म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट बघणाऱ्या जागा. १९८ म्हणजे हाताबाहेर गेलेल्या. १९९ म्हणजे वाटेत खराब झालेली पत्रं. आमच्याकडे पहिले तिन्ही शून्य होते आणि १९९ समोर ४१२. (नव्या एनव्हीएमई डिस्कांत हा तक्ता नसतो. तिथे 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' ही ओळ बघावी.)

याच तक्त्याच्या वर 'पास्ड' असा एक शब्द येतो आणि तो बघून लोक निर्धास्त होतात. होऊ नका. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी स्मार्टमध्ये कसलीच पूर्वसूचना दिली नव्हती. उलट बाजूने, पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता तशी चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट होती. म्हणून १९७ किंवा १९८ समोर शून्याशिवाय काही दिसलं, तर त्याच दिवशी माहितीची प्रत काढा. दुरुस्तीचे आदेश नंतर. फाइल-यंत्रणेची तपासणी चालवून मरायला टेकलेल्या डिस्कला दमवलं आणि मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज गमावले, असं होऊ देऊ नका.

एक अडचण इथेच सांगतो. बिघडलेल्या डिस्कवर नोंद लिहिली कशी जाणार? फाइल-यंत्रणेला धोका वाटला की ती स्वतःला 'रीड-ओन्ली', म्हणजे फक्त वाचण्यापुरती, करून घेते. त्यानंतरच्या ओळी डिस्कवर उतरतच नाहीत, त्या फक्त मेमरीत असतात. म्हणून पुन्हा तेच, बटण दाबण्याआधी फोटो. दोन संगणक असतील तर सिसलॉगला एकाच्या नोंदी दुसऱ्याकडे पाठवायला सांगता येतं.

आमच्या भागात डिस्कपेक्षा विजेचे प्रकार जास्त. यंत्र रीतसर बंद झालं, तर मागच्या फेरीच्या शेवटी सेवा एकेक थांबवल्याच्या आणि 'शटडाउन'च्या ओळी असतात. वीज अचानक गेली, तर नोंद मधेच तुटते, शेवट असा नसतोच. पुढच्या फेरीच्या सुरुवातीला 'रिकव्हरिंग जर्नल' दिसतं. हे जर्नल म्हणजे नोंदवही नाही, फाइल-यंत्रणेने अर्धवट राहिलेली कामं निस्तरण्यासाठी ठेवलेली यादी. 'लास्ट' हा आदेश उणे-एक्स लावून दिला की अशा फेऱ्यांपुढे 'क्रॅश' लिहिलेलं दिसतं.

पण तुटलेली नोंद एवढंच सांगते की वीज मिळाली नाही. गावची वीज गेली, की संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, दम तोडतोय? हे संगणकाला कळत नाही. त्यासाठी आम्ही भिंतीला एक वही टांगली आहे. लाइट गेली की जो असेल तो वेळ लिहितो. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की उत्तर निघतं. पंखा फिरत होता आणि संगणक बंद पडला, असं दोनदा घडलं तर एसएमपीएस तपासून घ्यावा.

वेळ जुळवताना एक फसगत होते. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. आठ-आठ तास लाइट नसली की तो लवकर उतरतो आणि यंत्र सुरू होताना भलत्याच सालात जागं होतं. शहरात इंटरनेटवरून घड्याळ लगेच दुरुस्त होतं. आमच्याकडे रेंज नसली की दिवसभर चुकीचंच राहतं आणि नोंदी मागेपुढे होतात. तारखा विचित्र दिसल्या तर त्यांच्यावर विसंबू नका, कंसातल्या सेकंदांवर चाला, आणि तो सेल बदला. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरत असाल तर 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड' ही ओळ शोधा. पाच व्होल्टच्या जागी ४.६३च्या खाली दाब गेला की बऱ्याच पायवर ती उमटते. मोबाइलचा जुना चार्जर आणि लांब बारीक वायर हे बहुतेकदा कारण. मेमरी कार्ड वारंवार खराब होतंय असं वाटतं, आणि मुळाशी असते ही वायर.

उष्णतेचं सोपं आहे. 'टेम्परेचर अबव्ह थ्रेशोल्ड' आणि 'थ्रॉटल्ड' असं दिसलं तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतोय. झाकण उघडा, पंख्यातली धूळ आणि कोळिष्टकं काढा, पंखा फिरतोय ना ते बघा.

मेमरी, म्हणजे रॅम, मात्र सगळ्यात लबाड. महागड्या सर्व्हरमध्ये ईसीसी नावाची मेमरी असते. ती स्वतःच्या चुका पकडते आणि 'ईडॅक' किंवा 'मशीन चेक' अशा नावाने नोंदवते. गूगलच्याच २००९ च्या अभ्यासात वर्षभरात जवळपास एक तृतीयांश सर्व्हरना अशी निदान एक तरी दुरुस्त झालेली चूक भेटली होती. आपल्या घरगुती यंत्रांत ईसीसी नसते, म्हणजे चुका होतात पण नोंद होत नाही. तिथे आडवाटेने ओळखायचं. 'सेगफॉल्ट', म्हणजे आपली नसलेली मेमरी हाताळल्याने प्रोग्राम पडणं. एकच प्रोग्राम दर वेळी त्याच जागी पडत असेल तर दोष बहुधा त्या प्रोग्रामचा. आज ब्राउझर, उद्या लेखनाचा प्रोग्राम, परवा छपाई, असं कधी काहीही पडू लागलं तर संशय मेमरीवर घ्या. 'मेमटेस्ट८६ प्लस' रात्रभर चालवा. पाच मिनिटं चालवून "काही नाही" म्हणणं व्यर्थ.

आणि नवी पट्टी विकत घेण्याआधी जुनी काढून बघा. ओलीने तिच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढतो. यंत्राची वायर काढून, कोरड्या मऊ कापडाने दात पुसून पट्टी पुन्हा टक्कन बसेपर्यंत दाबा. आमच्याकडे निम्म्या वेळा एवढंच पुरलं आहे.

यूएसबीच्या ओळींत 'एरर उणे ७१' म्हणजे यंत्राशी बोलणं अर्धवट तुटतंय. आधी केबल बदला, मग खोबण. नेटवर्कच्या 'लिंक इज डाउन', 'लिंक इज अप' अशा जोड्या मिनिटामिनिटाला येत असतील तर तारेचं टोक बघा. परतीच्या पावसात वीज कडाडल्यावर 'अप' पुन्हा आलंच नाही, तर खोबण जळाली असण्याची शक्यता धरा. ढग दाटले की तार काढून ठेवणं बरं.

आता ४१२ कडे परत येतो. आमची केबल काढली तेव्हा तिचं एक टोक पिवळट पडलेलं होतं आणि खोबणीतल्या मुंग्यांची माती त्यावर चिकटली होती. खोबण कोरड्या ब्रशने झाडून नवी केबल लावली. १९९ समोरचा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे दुरुस्तीनंतरही तो ४१२ दिसणार आणि "अजून बिघाड आहे" असं वाटणार. बघायचं ते एवढंच की तो वाढतोय का. मी आकडा आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटला चिकटवली. दर सोमवारी बारावीतली एक मुलगी आदेश देऊन आकडा वाचते आणि चिठ्ठीवर खाली लिहिते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती चिठ्ठी भरली, सगळीकडे ४१२.